टनेल चालू, फाइल अडलेली: व्हर्च्युअल सर्व्हरवरच्या व्हीपीएन गेटवेचा परत परत येणारा बिघाड

व्हर्च्युअल सर्व्हरवर (डेटा सेंटरमधून भाड्याने घेतलेल्या संगणकावर) वायरगार्डचा, म्हणजे इंटरनेटवरून खासगी जोडणी (व्हीपीएन) बांधणाऱ्या सॉफ्टवेअरचा, गेटवे उभा करून दोन-तीन जागा जोडल्या, की आज ना उद्या एक ठरावीक तक्रार येते. टनेल, म्हणजे ही खासगी जोडणी, चालू दिसते, पिंगला (पलीकडचे टोक जागे आहे का, या छोट्या विचारणेला) उत्तर मिळते, रिमोट डेस्कटॉपची लॉगिनची खिडकीही उघडते. पण त्यानंतर पडदा काळा राहतो, नाहीतर फाइल अर्ध्यात थबकते. कोणीतरी काहीतरी करतो, काम सुरळीत होते, आणि पुढच्या वेळी वीज गेल्यावर किंवा सर्व्हरच्या पुढच्या अपडेटनंतर तीच तक्रार त्याच शब्दांत पुन्हा येते. येथे मुख्यतः या पुन्हा येण्याबद्दल लिहिले आहे. बिघाडाचे कारण शोधणे त्या मानाने सोपे असते. एकदा दुरुस्त केलेले कारण पुन्हा कुठून उगवले, हे शोधण्यातच खरा वेळ जातो.

उदाहरणासाठी बडोद्यातली एक मांडणी घेतो. रावपुऱ्यात हिशोबाचे कार्यालय, मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) कारखाना आणि मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये दोन व्हर्च्युअल सर्व्हर आहेत. त्यांपैकी एक लिनक्सचा असून तो गेटवेचे काम करतो, आणि दुसऱ्या विंडोज सर्व्हरवर हिशोबाचे सॉफ्टवेअर व कारखान्याची ड्रॉइंग्ज ठेवलेली आहेत. दोन्ही जागांच्या राउटरवर वायरगार्ड असून दोन्ही राउटर मुंबईच्या गेटवेला जोडलेले आहेत. गेटवे शहरातच न ठेवता बाहेर का ठेवला, असा प्रश्न मालकाने विचारला होता आणि तो रास्तच आहे. त्याचे उत्तर असे, की बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांवर ग्राहकाला स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही. राउटरच्या बाहेरच्या बाजूला १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यातला पत्ता दिसला, तर आपण सेवा पुरवठादाराच्या सामायिक एनएटीच्या (अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता वापरायला लावणाऱ्या व्यवस्थेच्या) मागे आहोत असे समजावे. २०१२ साली आरएफसी ६५९८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने हा पट्टा नेमका त्याच कामासाठी राखून ठेवला. अशा जोडणीवर बाहेरून आत येता येत नाही, आतून बाहेर मात्र जाता येते. दोन्ही टोके अशीच असतील, तर दोघांनाही गाठता येईल अशी तिसरी जागा लागते आणि लहान व्हर्च्युअल सर्व्हर ही त्यासाठी सर्वांत स्वस्त सोय ठरते.

रावपुऱ्याहून आलेली तक्रार अशी होती: "बिले चढतात, पण रिपोर्ट उघडत नाही." या एका वाक्यात अर्धे निदान आहे, पण ते बहुधा कोणी ऐकत नाही, कारण "इंटरनेट स्लो आहे" हे उत्तर तयारच असते. इंटरनेट मंद असते, तर रिपोर्ट उशिरा उघडला असता. तो कधीच उघडत नाही आणि त्याच वेळी उलट दिशेने माहिती बिनधोक जाते, याचा अर्थ अडचण एकाच दिशेला आहे आणि ती वेगाची नाही.

पहिल्या दोन तपासण्या

वायरगार्डच्या स्थितीत सर्वांत आधी दोन गोष्टी पाहाव्यात: शेवटचा हँडशेक (दोन टोकांनी एकमेकांची ओळख पटवणे) किती वेळापूर्वी झाला, आणि पाठवलेल्या व मिळालेल्या बाइटांचे आकडे वाढत आहेत का. पाठवलेले वाढत असून मिळालेले शून्यावर अडले असेल, तर गोष्ट गेटवेपर्यंत पोहोचतच नाही किंवा पोहोचून नाकारली जाते. येथे एक बाब नीट लक्षात ठेवली पाहिजे: वायरगार्ड अनोळखी पॅकेटला (माहितीच्या पुडक्याला) काहीच उत्तर देत नाही. किल्ली चुकलेली असो, पोर्ट (सर्व्हरचे क्रमांकित दार) बंद असो की फायरवॉल आडवी आलेली असो, समोरून येणारे मौन अगदी सारखेच असते. त्यामुळे बाहेरून पोर्ट तपासणाऱ्या संकेतस्थळांवर अवलंबून राहू नये. त्यातली बरीचशी तर टीसीपी पोर्ट तपासतात, आणि वायरगार्ड केवळ यूडीपीवर, म्हणजे माहिती पाठवण्याच्या दुसऱ्या पद्धतीवर, चालते. सर्व्हरच्या आतल्या फायरवॉलबरोबरच पुरवठादाराच्या नियंत्रण पटलावरची फायरवॉलही स्वतंत्रपणे पाहावी लागते, आणि तेथे ५१८२० हे पोर्ट टीसीपीसाठी उघडून ठेवलेले आढळणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

दुसरी तपासणी अशी: रावपुऱ्यातून आधी गेटवेच्या टनेलमधल्या पत्त्याला पिंग करावे आणि मग गेटवेच्या पलीकडच्या विंडोज सर्व्हरला. गेटवे उत्तर देतो पण पलीकडचा सर्व्हर देत नाही, असे असेल तर टनेल ठीक आहे आणि पुढे पाठवण्याचे काम अडले आहे. त्याची कारणे थोडीच असतात. लिनक्समध्ये आयपी फॉरवर्डिंग बंद असते. किंवा फायरवॉलची फॉरवर्ड साखळी (पुढे जाणाऱ्या पॅकेटांसाठीचे नियम) सगळे अडवत असते. किंवा विंडोज सर्व्हरला परतीचा मार्ग माहीत नसतो. किंवा पुरवठादाराचे जाळेच दुसऱ्याच्या पत्त्याने येणारी पॅकेट टाकून देते. या शेवटच्या कारणासाठी अ‍ॅमेझॉनवर स्रोत व गंतव्याची तपासणी बंद करावी लागते, तर गूगल आणि अझूरवर आयपी फॉरवर्डिंगची परवानगी पटलावर वेगळी द्यावी लागते. गेटवेवर डॉकर (एकाच सर्व्हरवर अनेक सॉफ्टवेअर वेगवेगळी चालवण्याची प्रणाली) बसवलेले असेल, तर तेही पाहून घ्यावे: फॉरवर्डिंग डॉकरनेच चालू केले असेल, तर ते फॉरवर्ड साखळीचे धोरण 'ड्रॉप' (टाकून देणे) करून ठेवते. व्हीपीएन गेटवेवर इतर काही बसवू नये असे माझे मत आहे, पण महिन्याचे भाडे वाचवण्याच्या हिशेबात हे मत सहसा टिकत नाही.

रावपुऱ्याच्या बाबतीत या दोन्ही तपासण्या निर्दोष निघाल्या. हँडशेक ताजा होता, पिंगला दोन्हीकडून उत्तर येत होते. अशा वेळी पॅकेटच्या आकाराकडे वळावे लागते.

पॅकेटचा आकार

इथरनेटवरून एका वेळी १५०० बाइटांचे आयपी पॅकेट जाते. या मर्यादेला एमटीयू म्हणतात. व्हीपीएनमध्ये मूळ पॅकेट एका मोठ्या लिफाफ्यात घालून पाठवले जाते आणि त्या लिफाफ्यालाही जागा लागते. वायरगार्डच्या बाबतीत हा हिशेब ठरलेला आहे: बाहेरचे आयपीव्ही४ शीर्ष (हेडर) २० बाइट, यूडीपीचे ८, वायरगार्डचे स्वतःचे १६ आणि पडताळणीची मोहोर १६, असे एकूण ६० बाइट. बाहेरची वाट आयपीव्ही६ ची (नव्या, लांब पत्त्यांच्या पद्धतीची) असेल, तर २० च्या जागी ४० धरून एकूण ८० होतात. वायरगार्डचा नेहमीचा १४२० हा आकडा यातूनच आलेला आहे. १५०० मधून ८० वजा केले, की कोणत्याही वाटेने गेले तरी बसेल इतका आकार उरतो.

आता ब्रॉडबँडची बाजू पाहू. पीपीपीओई (राउटरमध्ये नाव व पासवर्ड देऊन जोडण्याच्या) पद्धतीच्या जोडणीवर आणखी ८ बाइट जातात आणि १४९२ उरतात. आयपीव्ही४ वरून जाणाऱ्या टनेलला त्यातही अडचण नाही, कारण १४२० अधिक ६० म्हणजे १४८०. पण हेच टनेल आयपीव्ही६ वरून जोडले गेले, तर १४२० अधिक ८० म्हणजे बरोबर १५०० होतात आणि ते १४९२ मध्ये बसत नाहीत. गेटवेचा पत्ता नावाने दिलेला असेल आणि त्या नावाला दोन्ही प्रकारचे पत्ते असतील, तर कोणता निवडला जाईल हे त्या त्या वेळच्या जोडणीवर अवलंबून राहते. बिघाड कधी येतो आणि कधी येत नाही, याचे हेही एक कारण असते.

रावपुऱ्याच्या राउटरवर १४२० हाच आकडा होता आणि त्यात काही वावगे नव्हते. गेटवेवर मात्र त्याच टनेलचा एमटीयू ८९२१ दिसला. हा आकडा कोणी टाईप केलेला नव्हता. काही पुरवठादारांच्या अंतर्गत जाळ्यात मोठी पॅकेट चालतात. अ‍ॅमेझॉनच्या जाळ्यात ही मर्यादा ९००१ आहे, तर गूगलच्या जाळ्यात ती उलट कमी, म्हणजे मूलतः १४६० असते. वायरगार्डची डब्ल्यूजी-क्विक ही सुविधा फाइलमध्ये एमटीयू दिलेला नसेल, तर सर्व्हरच्या बाहेरच्या वाटेचा आकडा घेते आणि त्यातून ८० वजा करते. सर्व्हर पुरवठादाराच्या जाळ्यापलीकडे पाहू शकत नाही. त्याच्या दृष्टीने ९००१ हेच सत्य असते आणि म्हणून ८९२१ हे उत्तर त्याच्यापुरते बरोबरच असते. त्या जाळ्यातून इंटरनेटवर पडताना मर्यादा पुन्हा १५०० होते, एवढेच त्याला ठाऊक नसते.

यातून एकदिशेची अडचण कशी होते, ते पाहा. रावपुऱ्यातला संगणक १५०० चे पॅकेट पाठवतो, तेव्हा तिथला राउटर पाहतो की टनेलमध्ये १४२० च बसतात, आणि संगणकाला "इतके मोठे चालणार नाही" असा आयसीएमपी (जाळ्यातल्या अडचणी कळवणारा) संदेश देतो. संगणक लहान पॅकेट पाठवू लागतो आणि बिले चढतात. उलट दिशेने विंडोज सर्व्हर १५०० चे पॅकेट पाठवतो, तेव्हा गेटवे ८९२१ च्या भरवशावर ते निमूटपणे टनेलमध्ये घालतो आणि बाहेर १५०० हून मोठे पॅकेट तयार होते. कोणी तक्रार करत नाही, कोणी संदेश पाठवत नाही. ते पॅकेट वाटेत दोन तुकड्यांत विभागले जाते, आणि तुकड्यांचे नशीब वाटेतल्या उपकरणांवर असते. पोर्टचा क्रमांक फक्त पहिल्या तुकड्यात असतो. दुसरा तुकडा कोणत्या जोडणीचा आहे हे एनएटी करणाऱ्या उपकरणाला जुळवून काढावे लागते, आणि अनेक उपकरणे तो खटाटोप न करता तुकडा फेकून देतात. रिपोर्ट उघडत नव्हता तो यामुळे. पिंग चालत होते, कारण पिंगचे पॅकेट अगदीच लहान असते.

याची खात्री करण्यासाठी पिंगचा आकार वाढवत न्यावा आणि तुकडे न करण्याचा पर्याय लावावा. पिंगला दिलेल्या आकारात शीर्षाचे २८ बाइट धरलेले नसतात, त्यामुळे १३९२ दिले की आयपी पॅकेट १४२० चे होते आणि १४७२ दिले की १५०० चे. ही चाचणी दोन्ही टोकांवरून घ्यावी, कारण निदान दोन टोकांवरच्या फरकात असते. रावपुऱ्याच्या टोकावरून मोठे पिंग पाठवले, तर राउटर लगेच "संदेश फार लांब" असे सांगतो. गेटवेवरून तेच पिंग पाठवले, तर काहीच येत नाही. ना उत्तर, ना चूक. ज्या टोकाला मौन, त्या टोकाचा एमटीयू आधी पाहावा. आणखी खोलात जायचे असेल, तर रावपुऱ्याच्या राउटरवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट टिपणारे साधन) लावून बाहेरच्या बाजूला काय पोहोचते ते पाहता येते, मात्र तेथे गाळणी पोर्टची न लावता गेटवेच्या पत्त्याची लावावी. पोर्टची गाळणी लावल्यास दुसरे तुकडे गाळणीतच गळतात आणि ते पोहोचलेच नाहीत असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

उपाय दोन टप्प्यांत करावा आणि तो याच क्रमाने करावा. आधी गेटवेवर व राउटरवर दोन्हीकडे एमटीयू फाइलमध्ये स्पष्ट लिहावा. साध्या फायबर जोडणीला १४२० पुरतो, गूगलच्या १४६० च्या जाळ्यातून जायचे असल्यास १३८० घ्यावा. मोबाइलवरून जोडणाऱ्यांसाठी मी सरळ १२८० ठेवतो, कारण मोबाइलच्या जाळ्यात आयपीव्ही४ चे आयपीव्ही६ मध्ये रूपांतर होताना आणखी २० बाइट लागतात आणि शिवाय त्या जाळ्याची स्वतःची मर्यादा किती हे आपल्या हातात नसते. १२८० च्या खाली जाऊ नये; आयपीव्ही६ ला किमान तेवढे लागतातच, आणि त्याहून कमी केल्यास लिनक्स त्या इंटरफेसवर आयपीव्ही६ बंद करून टाकते.

त्यानंतर गेटवेच्या फॉरवर्ड साखळीत टीसीपीच्या एमएसएसला (एका पॅकेटातल्या मजकुराच्या कमाल आकाराला) लगाम घालणारा नियम (क्लॅम्प) लावावा. जोडणी सुरू होताना दोन्ही टोके एकमेकांना कितीचे तुकडे घेऊ ते सांगतात. हा नियम त्या बोलण्यातला १४६० चा आकडा वाटेतच १३८० करतो, म्हणजे मोठे पॅकेट जन्मालाच येत नाही. आयसीएमपी संदेश कोणी अडवले असले, तरी त्यामुळे काम चालते. पण हा नियम वाटेच्या एमटीयूवरून आकडा ठरवत असल्याने टनेल ८९२१ वर असताना लावला, तर त्याचा काहीही परिणाम होत नाही, आणि "क्लॅम्प लावून पाहिले, उपयोग नाही" असे म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांची गाडी येथेच अडलेली असते. शिवाय हा लगाम फक्त टीसीपीला लागू होतो. रिमोट डेस्कटॉप यूडीपीवरही चालतो, त्याला या नियमाचा लाभ नाही. म्हणून मूळ एमटीयू बरोबर असण्याला पर्याय नाही.

दुरुस्ती टिकत का नाही

मुंबईच्या गेटवेवर एमटीयू पूर्वीही १४२० केलेला होता. आधीच्या तंत्रज्ञाने चालू इंटरफेसवर आज्ञा देऊन तो बदलला होता आणि काम लगेच सुरू झाले होते. चालू इंटरफेसवर दिलेली आज्ञा कुठेही लिहिली जात नाही. सर्व्हर रीबूट झाला की डब्ल्यूजी-क्विक पुन्हा आपला हिशेब करते आणि ८९२१ परत येतो. फॉरवर्डिंगचेही असेच: चालू कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) त्याचे मूल्य एक केले, पण सिसकंट्रोलच्या (कर्नलच्या मूल्यांच्या) फाइलमध्ये लिहिले नाही, तर रीबूटनंतर ते शून्य होते. लिनक्सच्या आयपीटेबल्स या फायरवॉलचे नियम साठवून ठेवण्याची सोय वेगळी बसवावी लागते. एनएफटेबल्स ही फायरवॉल असेल, तर तिचे नियम तिच्या फाइलमध्ये असावे लागतात आणि ती सेवा सुरू होताना चालू होण्यासाठी नोंदवलेली असावी लागते. वायरगार्डचा इंटरफेसही सिस्टीमडीमध्ये (लिनक्सच्या सेवा सुरू करणाऱ्या प्रणालीत) तसाच नोंदवलेला असावा लागतो. हे सर्व माहीत असणारी माणसेही घाईत हाताने आज्ञा देतात, कारण समोर ग्राहक उभा असतो.

मात्र फाइलमध्ये लिहूनही दुरुस्ती पुसली जाते, असे एक प्रकरण आहे आणि ते फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. डब्ल्यूजी-क्विकच्या फाइलमध्ये सेव्हकॉन्फिग नावाची एक ओळ असते. ती चालू असेल, तर इंटरफेस बंद होताना ही सुविधा त्या क्षणाची चालू स्थिती फाइलवर लिहून टाकते. म्हणजे टनेल चालू असताना आपण फाइल उघडली, बदल केला, जतन केला आणि मग रीस्टार्ट दिला, तर रीस्टार्टच्या पहिल्या अर्ध्यात, इंटरफेस बंद होतानाच, जुनी स्थिती आपल्या बदलावर लिहिली जाते. नवा जोडलेला पिअर (टनेलचे पलीकडचे टोक) नाहीसा होतो, आपण लिहिलेल्या टिपा नाहीशा होतात, आणि फाइल पुन्हा उघडून पाहणाऱ्याला वाटते की आपण जतन करायलाच विसरलो. तेव्हा आधी इंटरफेस बंद करावा, मग फाइल बदलावी, त्याच बदलात सेव्हकॉन्फिग कायमचे बंद करावे आणि मग इंटरफेस सुरू करावा. हे सगळे त्याच टनेलमधून गेटवेवर शिरून करू नये, कारण इंटरफेस बंद झाल्याक्षणी आपणही बाहेर फेकले जातो; सार्वजनिक पत्त्यावरून एसएसएच (दुरून सर्व्हरवर शिरण्याची सोय) किंवा पुरवठादाराच्या पटलावरचा कन्सोल हाताशी ठेवावा.

सर्व्हर पटलावरून पूर्ण थांबवून पुन्हा सुरू केला, तर काही पुरवठादारांकडे सार्वजनिक आयपी पत्ताच बदलतो. राउटरवर गेटवेचे नाव दिलेले असले, तरी वायरगार्ड ते नाव सुरू होतानाच एकदा सोडवते आणि पुढे तोच पत्ता धरून बसते. म्हणून पहिल्याच दिवशी स्थिर पत्ता राखून घ्यावा. रावपुऱ्याचा पत्ता बदलल्याने मात्र काही बिघडत नाही. ओळख पटलेले पॅकेट नव्या पत्त्यावरून आले, की गेटवे आपण होऊन तो पत्ता लक्षात ठेवतो.

वीज गेल्यानंतरचा बिघाड

मकरपुऱ्याची तक्रार वेगळी होती. तेथे वीज बराच वेळ गेली, की परत आल्यावर टनेल जोडले जात नसे, राउटरची इंटरनेट जोडणी मात्र चालू दिसे. आणि मुंबईचा सर्व्हर रीस्टार्ट केला की टनेल लगेच जोडले जाई, त्यामुळे दोष सर्व्हरचाच, अशी सर्वांची समजूत झाली होती.

वायरगार्डच्या हँडशेकच्या पहिल्या संदेशात वेळेचा शिक्का असतो. कोणी जुना संदेश पकडून पुन्हा पाठवू नये म्हणून समोरचे टोक प्रत्येक पिअरचा आजवरचा सर्वांत नवा शिक्का लक्षात ठेवते आणि त्याहून जुना शिक्का आला, तर संदेश मुकाट्याने टाकून देते. लहान राउटरांमध्ये बहुधा बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. वीज गेली की ते वेळ विसरतात आणि परत आल्यावर कोणत्यातरी जुन्या तारखेपासून मोजायला लागतात. एनटीपीवरून (इंटरनेटवरून वेळ जुळवण्याच्या सेवेवरून) बरोबर वेळ मिळेपर्यंत त्यांचे शिक्के जुनेच राहतात. मकरपुऱ्याच्या राउटरवर सगळी वाहतूक टनेलमधून पाठवण्याची आखणी होती, त्यामुळे एनटीपीची विचारणाही टनेलमधूनच जात होती. वेळ मिळण्यासाठी टनेल हवे आणि टनेल जुळण्यासाठी वेळ हवी, अशी कोंडी झाली होती. सर्व्हर रीस्टार्ट केल्यावर त्याच्या स्मृतीतला जुना शिक्का पुसला जाई आणि मागासलेल्या घड्याळाचाही हँडशेक स्वीकारला जाई. दोष एका टोकाला आणि तात्पुरता इलाज दुसऱ्या टोकाला, असा हा प्रकार होता.

उपाय म्हणजे एनटीपी आणि डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) ही दोन्ही टनेलच्या बाहेरून, थेट इंटरनेटवरून, जातील असे मार्ग राउटरवर घालावेत. सर्व्हरच्या घड्याळाकडेही दुर्लक्ष करू नये. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या संगणक-सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या एनटीपी सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी, मिळवून ठेवण्यास सांगितले आहे. ते मुख्यतः नोंदींच्या तपासासाठी असले, तरी येथे त्याचा असाही उपयोग होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा शहराच्या बऱ्याच भागांत वीज बंद होती; बडोद्यात राउटर बसवणाऱ्याने दीर्घकाळ वीज जाणे ही शक्यता आखणीतच धरून चालावे.

याच्याशी गल्लत होणारी दुसरी एक तक्रार आहे. विंडोज सर्व्हरवरून रावपुऱ्याच्या प्रिंटरवर छपाई होत नाही, पण कार्यालयातल्या कोणी संगणकावर काही उघडले, की अडकलेली पाने आपोआप बाहेर पडू लागतात. वायरगार्ड काम नसताना गप्प राहते, आणि तेवढ्यात सामायिक एनएटी त्या यूडीपी जोडणीची नोंद पुसून टाकते. मग बाहेरून आत येण्याची वाट उरत नाही. राउटरच्या बाजूला सतत जोडणीचा २५ सेकंदांचा ठोका लावला, की हा प्रश्न संपतो. तो गेटवेच्या बाजूला लावण्याची गरज नाही.

पत्त्यांची आखणी

हा भाग खरे तर सगळ्यांत आधी करायचा असतो, पण अनेकदा सगळ्यांत शेवटी आठवतो. नवा राउटर डब्यातून निघतो तो बहुधा १९२.१६८.१.० किंवा १९२.१६८.०.० या पट्ट्यासह, आणि रावपुरा व मकरपुरा या दोन्ही जागी तोच पट्टा असतो. वायरगार्डमध्ये एक पट्टा एकाच पिअरकडे असू शकतो. दुसऱ्या पिअरला तोच दिला, तर पहिल्याकडून तो काढून घेतला जातो आणि कसलीही सूचना मिळत नाही. परिणामी फाइलमध्ये जो पिअर नंतर आहे, त्याची जागा चालते आणि दुसरी बंद पडते, आणि कोणी पिअरांचा क्रम बदलला की तक्रार करणारी जागा बदलते. खासगी वापरासाठी १९९६ च्या आरएफसी १९१८ ने १०.०.०.० चा एवढा विस्तीर्ण पट्टा मोकळा ठेवला असताना सगळ्यांनी १९२.१६८.१ मध्येच का गर्दी करावी, हे मला उमजत नाही. टनेलसाठी १०.७७.०.०/२४, रावपुऱ्यासाठी १०.७७.१०.०/२४, मकरपुऱ्यासाठी १०.७७.२०.०/२४ आणि मुंबईसाठी १०.७७.१००.०/२४ अशी वाटणी केली, की आकड्यावरून जागा ओळखता येते आणि मध्ये वाढीला वाव राहतो. घरून काम करणाऱ्यांच्या घरी तर १९२.१६८.१ असणारच, कार्यालयाचा पट्टा त्यापासून वेगळा असेल, तर दांडिया बाजारातल्या घरातून जोडतानाही आडकाठी येत नाही. चालू कार्यालयाचे पत्ते बदलताना प्रिंटर, हजेरीचे यंत्र आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर यांना हाताने दिलेले पत्ते आधी टिपून घ्यावेत, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला फोन त्यांच्याबद्दलच येतो.

सर्व बदल झाल्यावर रविवारी गेटवे मुद्दाम रीबूट करावा, दोन्ही राउटरांची वीज काढून काही वेळाने जोडावी आणि कोणत्याही आज्ञेला हात न लावता विंडोज सर्व्हरवरून एक मोठे ड्रॉइंग दोन्ही जागी उतरवून पाहावे. हाताने काही करावे लागले, तर ती गोष्ट कुठल्यातरी फाइलमध्ये लिहायची राहिली आहे.

देखरेख लावायची असेल, तर फक्त हँडशेकवर विसंबू नये. ठोका चालू असताना वायरगार्ड साधारण दोन मिनिटांनी नवा हँडशेक करते, म्हणून तो तीन मिनिटांहून जुना झाल्यास इशारा मिळावा हे ठीकच आहे. पण आकाराचा बिघाड त्यात कधीच दिसत नाही. त्यासाठी गेटवेवरून प्रत्येक राउटरला तुकडे न करता १३९२ बाइटांचे पिंग ठरावीक अंतराने पाठवत राहावे, आणि त्याबरोबरच टनेलचा एमटीयू १४२० च आहे ना, हेही वाचून पाहावे, कारण १४२० चे पिंग ८९२१ वरही बिनबोभाट जाते. मोबाइलवरून जोडणाऱ्यांना यांतले काहीच लावू नये. त्यांचा एमटीयू १२८० असतो, ठोका बॅटरी खातो आणि रात्री फोन झोपला की खोट्या इशाऱ्यांचा पाऊस पडतो.